पहिली दुर्बीण: भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरुवात

दुर्बीण घ्यायचं मनात आलं असेल, तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. तेच, ज्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतात. त्यात रोजची तिथी आहे, चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते आहे, आणि संकष्टीला आपल्या गावात चंद्र किती वाजता उगवणार तेही छापलेलं आहे. आकाश बघणाऱ्याला लागणारी निम्मी माहिती त्या एका पानावर असते, आणि आपण तिच्याकडे उपासाच्या दिवसापुरतंच बघतो.

मी बरीच वर्षं पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवरून आकाश बघतो, आणि जमेल त्या महिन्यात एक रात्र शहराबाहेर काढतो. एवढ्या वर्षांत ओळखीच्यांच्या घरच्या पुष्कळ दुर्बिणी हाताळल्या. त्यातल्या कितीतरी माळ्यावर पडून आहेत, आणि त्यांचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. दुर्बीण आधी घरात आली आणि आकाशाची ओळख मागे राहिली. चार दिवस चंद्र बघून झाला, मग नळी कुठे वळवायची हेच कळेना. म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. दुर्बीण त्यात तिसऱ्या जागी येते.

पहिले दोन महिने: नुसते डोळे

रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात जायचं, एवढंच काम. जाण्याआधी कॅलेंडरमध्ये आजचं चंद्रनक्षत्र बघून घ्या. रोहिणी लिहिलं असेल, तर त्या रात्री चंद्राच्या आसपास एक तांबूस ठळक तारा दिसेल, ती रोहिणी. मघा असेल तर जवळचा पांढरा तारा मघेचा. चित्रा असेल तर निळसर पांढरी चित्रा. चंद्र अगदी चिकटून असेलच असं नाही, काही अंश वर-खाली असतो, पण शेजार तोच. असा एक महिना गेला की चंद्राच्या वाटेवरची ठळक नक्षत्रं पाठ होतात, आणि ती एकदा पाठ झाली की ग्रहही लगेच ओळखू येतात. कारण ग्रह त्याच वाटेवरून चालतात. मघेच्या शेजारी नकाशात नसलेला ठळक ठिपका दिसला, तर तो ग्रहच.

मदतीला स्टेलॅरियम हे संगणकावर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या, पण गच्चीवर मोबाइल शक्यतो काढू नका. पडद्याच्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. नकाशा घरात बघा, लक्षात ठेवा आणि वर जा. नकाशा बघावाच लागला तर विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधा. लाल उजेडाने डोळ्यांचं फारसं बिघडत नाही.

याच दोन महिन्यांत तुमच्या शहरातल्या एखाद्या आकाशदर्शनाला जाऊन या. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, कल्याणला आकाशमित्र मंडळ आहे, पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी आहे. मुंबईकरांची नेहमीची जागा कर्जत मार्गावरची वांगणी. तिथे एका रात्रीत चार वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघायला मिळतं. दुकानात दुर्बीण दिवसा, दिव्याखाली उभी असते, तिथे तिच्याबद्दल काहीही कळत नाही. दुसऱ्याच्या दुर्बिणीतून शनी बघितल्याशिवाय स्वतःचे पैसे खर्च करू नका.

मग द्विनेत्री

बायनॉक्युलर, म्हणजे द्विनेत्री, ही दुर्बिणीआधीची स्वस्तातली सोय नव्हे. मोठी दुर्बीण असलेली माणसंही ती गळ्यात अडकवून हिंडतात. ७×५० किंवा १०×५० घ्या. पहिला आकडा कितीपट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. २०× किंवा ३०× असं लिहिलेली घेऊ नका. हातात धरून ती स्थिर राहत नाही आणि तारे नुसते नाचत राहतात.

गच्चीवर चटई टाकून आडवं व्हा आणि कोपर छातीला टेकवा. कृत्तिकांचा पुंजका नुसत्या डोळ्यांना सहा-सात ताऱ्यांचा दिसतो, द्विनेत्रीत तो डझनावारी निळसर हिऱ्यांचा होतो. कर्क राशीत पुष्य नक्षत्राजवळ डोळ्यांना धुरकट वाटणारा ठिपका आहे, तो बघताना ताऱ्यांचं मोहोळ निघतं. देवयानीतली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी गॅलेक्सी, अंधाऱ्या जागेवरून लांबट पांढुरका डाग म्हणून दिसते. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे. आणि कोपर कठड्यावर घट्ट टेकवलंत तर गुरूच्या दोन्ही बाजूंना त्याचे चंद्रही दिसतात.

आता खरेदी

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा सोडून द्या आणि बारीक अक्षरांतले दोन आकडे शोधा: व्यास आणि नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ. मोठा आकडा कसा तयार होतो ते एकदा हिशोबाने बघू. समजा ६० मिलिमीटर व्यासाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आहे. वर्धन, म्हणजे कितीपट मोठं दिसतं ते, काढायचं तर नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या बदलत्या भिंगाच्या, आकड्याने भागायचं. सोबत ४ मिलिमीटरचा आयपीस दिलेला असतो, ९०० भागिले ४ म्हणजे २२५. त्यावर तिप्पट करणारं बार्लो भिंग लावलं की ६७५. म्हणून खोक्यावर ‘६७५ पट’. गणितात चूक काहीच नाही. पण व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे कोणत्याही दुर्बिणीला वर्धन झेपत नाही. ६० मिलिमीटरला १२०, तेही हवा उत्तम असेल तर. त्यापुढे चित्र मोठं होतं, अंधुक होतं आणि नवीन काहीही दिसत नाही.

दुर्बिणीचं खरं काम प्रकाश गोळा करणं. अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. १३० मिलिमीटरचा आरसा तिच्यापेक्षा सुमारे साडेतीनशे पट प्रकाश गोळा करतो, कारण प्रकाश व्यासाच्या वर्गाने वाढतो. म्हणून व्यासातला थोडा फरकही डोळ्याला मोठा जाणवतो.

नवशिक्यासाठी मी तीनच पर्याय सुचवतो. गच्ची लहान असेल, जिने चढायचे असतील, मुलांनी स्वतः वापरावी असं वाटत असेल, तर ७० मिलिमीटर व्यास आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगाची दुर्बीण, वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या तिपाईवर. चंद्र, गुरू, शनी, जोडतारे यांना ती उत्तम, आणि देखभाल जवळपास शून्य. थोडा जास्त खर्च झेपत असेल तर १३० मिलिमीटर व्यास, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची, स्टुलावर किंवा टेबलावर ठेवायची आरशाची दुर्बीण. माझ्या मते पहिल्या दुर्बिणीसाठी हिच्याइतकी चांगली दुसरी नाही. आणि गाडी असेल, घरात ठेवायला जागा असेल, तर १५० किंवा २०० मिलिमीटरची डॉब्सोनियन.

डॉब्सोनियन हा आरशाचा वेगळा प्रकार नाही, तो बैठकीचा प्रकार आहे. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रामकृष्ण संघाच्या वेदान्त मठात संन्यासी होते. हाताशी पैसा नव्हता, म्हणून जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या घेतल्या आणि प्लायवूडची फिरती पेटी बनवून त्यात नळी ठेवली. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणारा गट सुरू केला. त्या पेटीत एकही महागडा भाग नाही, त्यामुळे पैसे आरशाच्या व्यासावर खर्च करता येतात. ही बैठक आपल्याकडचा कुठलाही चांगला सुतार बनवू शकतो.

विषुववृत्तीय माउंट, म्हणजे वजनं लावलेली तिरकी बैठक, पहिल्या दुर्बिणीला घेऊ नका. ती वापरायची तर तिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ध्रुव आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो: पुण्यात साडेअठरा अंश, पणजीत साडेपंधरा. म्हणजे शेजारची इमारत किंवा डोंगर मध्ये आला की संपलं, आणि नाही आला तरी क्षितिजाजवळच्या धुरकटात तो शोधत बसावं लागतं.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. आरशाची दुर्बीण घेताना नळी हातभरच लांब आणि नाभीय अंतर मात्र १००० मिलिमीटर लिहिलेलं असेल, तर नळीच्या आत एक जादा भिंग बसवून ते अंतर वाढवलेलं असतं. स्वस्त दुर्बिणींत ही रचना क्वचितच चांगली निघते. ती टाळा. आरशाच्या सरळ दुर्बिणीत नळीची लांबी साधारण नाभीय अंतराएवढीच असते.

सोबत ‘सन’ लिहिलेलं, आयपीसला मागून लावायचं गडद काळं भिंग मिळालं, तर ते त्याच दिवशी हातोडीने फोडून टाका. दुसऱ्याला देऊही नका. सूर्याची सगळी उष्णता एकवटून त्या छोट्या काचेवर पडते, काच तडकते आणि डोळा तिच्या मागेच असतो. दुर्बिणीतून सूर्य बघायचा एकच प्रकार डोळ्यांना सुरक्षित आहे. नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण झाकेल असा, सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर घट्ट बसवून. फाइंडरचं, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचं, तोंडही तेव्हा झाकायला हवं. हे जमेपर्यंत दुर्बीण दिवसा सूर्याच्या दिशेला वळवायची नाही, आणि लहान मुलं असतील तर ती उन्हात एकटी सोडायचीही नाही.

पेटी उघडल्यावरचा पहिला दिवस

पहिलं काम दिवसाउजेडी करायचं. मुख्य दुर्बीण आणि तिच्यावरचा छोटा फाइंडर एकाच ठिकाणी बघतायत ना, हे जुळवायचं. माळ्यावर गेलेल्या दुर्बिणींपैकी निम्म्या तरी या एका गोष्टीमुळे गेल्या असतील. फाइंडर अंशभर जरी चुकीचा असला, तरी रात्री गुरू फाइंडरच्या मधोमध दिसतो आणि आयपीसमध्ये नुसता काळोख असतो.

निदान एक किलोमीटर लांबची स्थिर वस्तू निवडा: मोबाइलचा टॉवर, पाण्याची टाकी, देवळाचा कळस. सूर्य त्या बाजूला नाही याची खात्री करा. सर्वांत मोठ्या आकड्याचा आयपीस लावा, साधारण २५ मिलिमीटरचा असतो. आकडा जितका मोठा, तितकं वर्धन कमी आणि दिसणारा भाग मोठा. कळस आयपीसच्या मधोमध आणा, नळी तिथेच राहू द्या, आणि आता फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याचा लाल ठिपका किंवा फुली त्याच कळसावर आणा. मग १० मिलिमीटरचा आयपीस लावून तेच पुन्हा करा. कळस आरशाच्या दुर्बिणीत उलटा दिसेल, ते बरोबर आहे. आकाशात वर-खाली काही नसतं.

तिपाई किती भक्कम आहे तेही याच वेळी बघून घ्या. नळीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र थरथरायचं थांबेपर्यंत सेकंद मोजा. दोन-तीन सेकंदांत थांबलं तर ठीक. जास्त वेळ लागत असेल तर पायांच्या सरकत्या नळ्या कमी बाहेर काढून तिपाई बुटकी करा आणि मधल्या पट्टीला पिशवीत वीट घालून टांगा. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

पहिली रात्र: चंद्र, पण पौर्णिमेचा नाही

पुन्हा कॅलेंडर. दुर्बिणीतून चंद्र बघायची वेळ म्हणजे शुद्ध पंचमी ते एकादशी. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवताना हौसेने दुर्बीण लावतात, आणि लोक म्हणतात, हा तर नुसता पांढरा दिवा. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि विवरं ओळखूच येत नाहीत. अर्धवट चंद्रावर उजेड आणि अंधार यांची जी सीमारेषा असते, तिथे प्रकाश तिरका पडतो, आणि प्रत्येक डोंगर लांब काळी सावली टाकतो.

ही रेषा रोज पुढे सरकते, म्हणून तिथीप्रमाणे देखावा बदलतो. पंचमी-षष्ठीला रेषेजवळ थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन मोठी विवरं एकमेकांना लागून दिसतात. थिओफिलसच्या मधोमध डोंगर आहे आणि त्याची कड सिरिलसवर चढलेली आहे, म्हणजे तो नंतर झाला. अष्टमीला अ‍ॅपेनाइन पर्वतरांग. नवमी-दशमीला ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस, पायऱ्यापायऱ्यांच्या कडांसकट. या सात रात्री सलग बघितल्यात तर चंद्र तुमचा झाला. रोज एक विवर वहीत पेन्सिलीने काढा. चित्र कसं येतं याला महत्त्व नाही. काढायला बसलं की नजर थांबते, आणि थांबलेल्या नजरेला दुप्पट दिसतं.

ग्रह

गुरूला २५ मिलिमीटरचा आयपीसही पुरतो. लहानशी पिवळसर चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार ठिणग्या, म्हणजे त्याचे चार मोठे चंद्र. कधी तीनच दिसतात, कारण चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला हेच बघितलं, आणि त्याची दुर्बीण जेमतेम वीसपट वर्धनाची होती. तुमच्याकडे त्याच्यापेक्षा चांगली आहे. संध्याकाळी सातला या चंद्रांची जागा वहीत टिपा, रात्री अकराला पुन्हा बघा. या चौघांतला सर्वांत आतला चंद्र आयो गुरूभोवती साडेबेचाळीस तासांत फिरतो, त्यामुळे चार तासांत तो सरकलेला स्पष्ट कळतो. वर्धन वाढवलंत की चकतीवर दोन करडे पट्टे दिसू लागतात.

शनीची कडी तीसपट वर्धनालाही ओळखू येते, साठ-सत्तर पटीला छान दिसते. सध्या एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला नेमकी कडेवर आली होती, म्हणून पुढची वर्ष-दोन वर्षं ती अरुंद, रेघेसारखी दिसते. ती दर वर्षी थोडी थोडी उघडत जाईल आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण पसरलेली असेल. दुर्बिणीत काही बिघाड नाही. १६१२ मध्ये गॅलिलिओलाही शनीशेजारचे ‘जोडीदार’ अचानक गायब झालेले दिसले होते, कारण कडी तेव्हाही कडेवर आली होती. ती कडी आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

तारखा हव्या असतील तर शनी ४ ऑक्टोबर २०२६ ला सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे आकाशात विरुद्ध बाजूला असेल, तेव्हापासून पुढचे तीन-चार महिने तो संध्याकाळी बघायला सोयीचा. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही तसे समोर येतील. मंगळाकडून फार अपेक्षा ठेवू नका. एक नारिंगी चकती, त्यात सवय झाल्यावर एखादा गडद डाग. शुक्र मात्र दर काही आठवड्यांनी बघत राहा, तो चंद्रासारखा कोरीचा होत जातो.

ग्रह आयपीसमधून सरकत जातो, तेव्हा तिपाई निसटतेय असं वाटतं. निसटत पृथ्वी असते, म्हणजे फिरत असते. १३० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १० मिलिमीटरचा आयपीस लावला की ६५ पट वर्धन, आणि ग्रह साधारण तीन मिनिटांत एका कडेपासून दुसऱ्या कडेला जातो. नळी आधीच थोडी पुढे नेऊन ठेवा, हात काढा आणि त्याला स्वतःहून मधे येऊ द्या. थरथर थांबलेली असते, तेवढ्यात बघायचं.

चित्र उकळत्या पाण्यासारखं हलत असेल तर दोष हवेचा असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो, शेजारच्या एसीचं बाहेरचं युनिटही तेच करतं. ग्रह डोक्यावर आला की बघा, छपरांच्या वर टेकलेला असताना नको. दुर्बीणही अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या तापमानाला येतो.

अमावास्येच्या बाजूचे दिवस

तेजोमेघ (वायू-धुळीचे चमकते ढग), तारकागुच्छ, दीर्घिका यांना अंधार लागतो, आणि अंधार कधी मिळेल हेही संकष्टीवरून कळतं. वद्य चतुर्थीला चंद्रोदय साधारण नऊच्या आसपास छापलेला असतो. त्यापुढे चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे वद्य अष्टमीपासून मध्यरात्रीपर्यंत आकाश आपलं, आणि अमावास्येनंतर शुद्ध तृतीयेपर्यंत चंद्र लवकर मावळतो. या दहा-बारा दिवसांतला शनिवार वर्षाच्या सुरुवातीलाच खुणा करून ठेवा. घरातल्या लग्नकार्यांच्या तारखाही तेव्हाच विचारून घ्या.

हिवाळ्यात सुरुवात मृग नक्षत्रापासून. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांनाच माहीत असतो. त्याच्या दक्षिणेला फिकट ताऱ्यांची छोटी उभी ओळ आहे, तिच्यातला मधला ‘तारा’ म्हणजे सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, नकाशातलं त्याचं नाव एम ४२. आयपीसमध्ये तो फोटोतल्यासारखा गुलाबी दिसणार नाही, हे आधीच सांगतो. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. तो राखाडी, क्वचित हिरवट धुक्यासारखा दिसतो. पण दोन मिनिटं डोळा लावून ठेवा. आधी मधले चार तारे सुटे होतात, मग धुक्याला पंख फुटतात, मग त्या पंखांच्या मध्ये शिरलेली काळी खाच दिसते. आता नजर थोडी बाजूला करा, तेजोमेघाच्या कडेला कुठेतरी बघा. तो एकदम मोठा होतो. डोळ्याच्या मध्यापेक्षा बाजूचा भाग अंधुक प्रकाश जास्त टिपतो. ही तिरक्या नजरेची युक्ती पुढे प्रत्येक फिकट वस्तूला लागते.

मार्च ते जून सप्तर्षी संध्याकाळी वर असतात. लग्नात वधूवरांना दाखवायची ती अरुंधती वसिष्ठाच्या शेजारी नुसत्या डोळ्यांना दिसते. दुर्बीण वसिष्ठावर लावा: अरुंधती लांब जाते आणि खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो. शहराच्या उजेडातही हे दिसतं.

एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेकडे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी चुकवू नका. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा, जवळपास एक कोटी ताऱ्यांचा गोल गुच्छ. पुण्यातून तो चोवीस अंश वर येतो, लंडनहून उगवतही नाही. बहुतेक इंग्रजी पुस्तकं उत्तरेकडच्या लोकांनी लिहिलेली असल्यामुळे नवशिक्यांच्या यादीत तो सहसा नसतो. आपल्या यादीत तो पहिल्या पाचात हवा. दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा शोधा. कोकणात समुद्रकिनारा दक्षिणेला उघडा असेल तर फारच चांगलं.

शहराबाहेर जाताना शेताच्या मालकाला आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. अंधारात अनोळखी माणसं, हातात लांब नळकांडं, वर लाल दिवे, हे बघून गावकऱ्यांनी विचारपूस करायला येणं साहजिक आहे. आले तर त्यांना पहिल्यांदा दाखवा. पायात बूट घाला, दुर्बीण मांडण्याआधी विजेरीने जमीन नीट बघा, विंचू-सापांची वेळ तीच असते. खाचखळग्यांच्या रस्त्याने आरशाची दुर्बीण नेली असेल तर तिचे दोन आरसे एका रेषेत आहेत का ते तपासा. एखादा ठळक तारा मधोमध आणा आणि फोकस बिघडवा. फुगलेल्या प्रकाशाच्या चकतीतली काळी सावली अगदी मधे असेल तर ठीक. एका बाजूला सरकलेली असेल तर मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवून मधे आणा. पहिल्यांदा कोणाकडून तरी शिकून घ्या, नंतर पाच मिनिटांचं काम आहे.

हिवाळ्यात पहाटे दव पडतं. नळीच्या तोंडाला काळ्या पुठ्ठ्याची किंवा जुन्या योगा मॅटची हातभर गुंडाळी बसवली की दोन तास सहज निघतात.

पावसाळा

दुर्बीण सर्वांत जास्त बिघडते ती वापरताना नव्हे, जून ते सप्टेंबर पेटीत असताना. माझ्या पहिल्या द्विनेत्रीच्या आत एका पावसाळ्यात बुरशीची पांढरी जाळी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी, काचेवर पसरलेली. ती मी चामड्याच्या तिच्याच पिशवीत, बंद कपाटात ठेवली होती. बुरशीला दमट हवा आणि अंधार हेच हवं असतं, आणि ती काचेवरचा लेप खाते. पुसून खुणा जात नाहीत.

पावसाळ्यात आयपीस आणि द्विनेत्री घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. रंग बदलणारे दाणे घ्या, ओल शोषून रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. ती कढई मग स्वयंपाकाला नको. नळीची दोन्ही तोंडं झाकून ती आडवी ठेवा, माळ्यावर नाही, पंखा फिरतो अशा खोलीत. श्रावणात ऊन पडलं की खिडकीत आणून तासभर हवेशीर ठेवा, थेट उन्हात नाही आणि झाकण लावूनच.

आरशावर धूळ दिसली म्हणून सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, काच पुसायचा फवारा तर मुळीच नको. पातळ धुळीने चित्र बिघडत नाही, पुसल्याने पडलेले ओरखडे मात्र कायमचे. रबरी फुंकणीने हवा मारा, तेवढं पुरे.

सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास ढग फाटू लागले की पेटी उघडा, आयपीस उजेडाकडे धरून बुरशी तपासा, कळसावर फाइंडर पुन्हा जुळवा. त्यानंतर नवरात्राच्या सप्तमी-अष्टमीला चंद्र अर्धा असतो, आणि २०२६ मध्ये त्याच दिवसांत अंधार पडता पडता पूर्वेकडच्या आकाशात शनीही असेल.